जी बरोबर ३९: बीएस्सी पहिल्या सेमच्या फाउंडेशन कोर्सचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कॉलेज परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. कॉलेजचं नाव टाकत नाही, माणसांची पण नाही, ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. मी तिथं फिजिक्स शिकवतो, तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी, जेवढे तास तेवढेच पैसे, आणि ज्याला सीएचबी माहितीये त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

२०२४-२५ हे आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांचं नवीन शैक्षणिक धोरणातलं पहिलं वर्ष. स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांचे विभाग आदल्या वर्षीच त्यात गेलेले, आमच्यासारख्यांचा नंबर त्या जूनला लागला. पहिल्या सेमला मेजरचे म्हणजे मुख्य विषय, त्याच्या जोडीला ओपन इलेक्टिव्ह, स्किलचे पेपर, भाषा, व्हॅल्यू एज्युकेशन, भारतीय ज्ञान प्रणाली, को-करिक्युलर असं सगळं मिळून वीस-बावीस क्रेडिट. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. हे सगळं टाइमटेबलात बसवताना आमच्या टाइमटेबलवाल्या सरांनी तीनदा कागद फाडला, चौथ्यांदा बसवलं ते सोमवारी बदललं.

वर्गात साठेक पोरं, आणि ती दोन प्रकारची. एक इथल्याच आसपासच्या ज्युनियर कॉलेजातून बारावी सायन्स झालेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हातात पडलेलं, प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल उतरवून काढणे एवढंच माहीत. दुसरी लातूरला नाहीतर नांदेडला एक-दोन वर्षं नीटची तयारी करून आलेली, नंबर लागला नाही, घरचे म्हणले बीएस्सी करून टाक तोवर, पुढचं पुढं बघू. दोन्हीत मिळून पीसीबीवाली भरपूर, म्हणजे दहावीनंतर ज्यांनी गणिताचं तोंड बघितलं नाही आणि आता फिजिक्स घेऊन बसलेत कारण विषयांचा जो गट मिळत होता त्यात ते होतं.

त्यात ते वर्षच तसलं. बारावीचा निकाल २१ मे ला लागून गेला, पण नीटची परीक्षा ५ मे ला, निकाल ४ जूनला, मग तो सगळा पेपरफुटीचा गोंधळ, सुप्रीम कोर्टाचा निर्णय २३ जुलैला, आणि कौन्सिलिंग सुरू व्हायला ऑगस्टचा मध्य उजाडला. पोरं आमच्याकडं अ‍ॅडमिशन घेऊन ठेवायची आणि गायब व्हायची. कुणाचे डोळे बीएएमएसच्या राउंडकडं, कुणाचे फार्मसीच्या, कुणाचे अ‍ॅग्रीच्या. आमचं कॉलेज म्हणजे एसटी स्टँडवर रुमाल टाकून ठेवलेली सीट.

पहिला निर्णय: दहा दिवसांचा ब्रिज कोर्स

जुलैच्या शेवटी मीटिंग झाली. नवीन पोरांना कॉलेजची ओळख करून द्यायचा यूजीसीचा दीक्षारंभ नावाचा कार्यक्रम आहे, तो करायचाच होता, तर प्राचार्य म्हणले त्यालाच जोडून सायन्सवाल्यांसाठी फाउंडेशन घ्या, बारावीचं कच्चं राहिलेलं पक्कं करून टाका, मग शिकवायला मोकळे. ऐकायला एकदम बरोबर. यादी मीच केली. युनिट्स, दहाचे घात, लॉग, त्रिकोणमिती, व्हेक्टर, ग्राफ, डिफरन्सिएशनची तोंडओळख. केमिस्ट्रीच्या मॅडमनी मोल संकल्पना, मोलॅरिटी, नॉर्मॅलिटी असं दिलं.

५ ऑगस्टला सोमवारी सुरू केलं. रोज वीस-बावीस पोरं यायची, पण रोजची वीस वेगळी. सोमवारी लॉग ऐकलेला मंगळवारी नाही, मंगळवारी आलेल्याला लॉग म्हणजे काय ते माहीत नाही आणि मी त्याला पीएच शिकवायलोय. शुक्रवारी पंचमी, त्या दिवशी तर चारच. मधल्या काळात अर्धी लेकरं आईबरोबर लाडक्या बहिणीचा फॉर्म भरायला सेतूच्या रांगेत. आणि जी यायची ती पण गप्प बसून वहीत उतरवून घ्यायची, कारण दहा दिवसांत सगळी बारावी पुन्हा सांगायची म्हणजे मला श्वास घ्यायला वेळ नव्हता, त्यांना कुठून असणार. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना वाटलं, फोटो काढले, अहवाल फाइलला लागला. अहवाल वाचला तर वाटेल की काय जबरदस्त कोर्स झाला. तो मीच लिहिलाय म्हणून मला माहितीये.

दुसरा निर्णय: चाचणी आणि दोन बॅच

ऑगस्टच्या शेवटाला वर्ग जरा भरला. मग ठरलं की निदान कोण कुठं आहे ते बघू. गुगल फॉर्मवर वीस प्रश्न, चार पर्यायांचे, मोबाइलवरच सोडवायचे. मार्कांवरून दोन बॅच पाडल्या. वरच्या मार्कांची अ, खालच्या मार्कांची ब. ब ला रोज दुपारी चार ते पाच जादा तास.

या निर्णयाला मी हो म्हणलो होतो, इतकंच नाही तर फॉर्म पण मीच बनवला होता, म्हणून दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडत नाही. पण त्यात तीन गोष्टी चुकल्या आणि तिन्ही तेव्हाच दिसायला पाहिजे होत्या.

पहिली, वेळ. चारला तास म्हणजे गावाकडची शेवटची सोयीची बस जाते. मुलींचं तर सोडाच, पोरं पण साडेचारला दप्तर आवरून दाराकडं बघायची. दुसरी, तारखा. जादा तास सुरू करायचे ठरले त्या आठवड्यात १ आणि २ सप्टेंबरला आपल्याकडं धो धो पाऊस, परभणी-हिंगोली-नांदेड पट्ट्यात पूर, २ तारखेला पोळा, ३ तारखेपासून एसटीचा संप, तो ४ ला मिटला, ७ ला गणपती बसले, पाठोपाठ महालक्ष्म्या. पहिला जादा तास खऱ्या अर्थानं झाला तेव्हा ब बॅचची पोरं विसरून गेली होती की आपण ब आहोत. ते अ वाल्यांनी आठवण करून दिलं, कारण तोवर ब बॅचला कॅन्टीनवर नाव पडलं होतं, "ढ बॅच". ब चा ढ व्हायला आठवडा लागला.

तिसरी चूक सगळ्यात मोठी आणि ती मला दोन आठवड्यांनी कळली.

अडचण नेमकी कुठं होती

१७ सप्टेंबरचं मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं, त्याच आठवड्यात मी पहिली जर्नलं तपासायला घेतली. पहिला प्रयोग मी मुद्दाम सोपा ठेवला होता, साधा लंबक. दोऱ्याला गोळा बांधायचा, वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा, वीसनं भागून एका आंदोलनाचा काळ टी काढायचा, आणि चार पाय स्क्वेअर एल भागिले टी स्क्वेअर (4π²L/T²) करून जी काढायचा. एल म्हणजे दोरीची लांबी, आणि जी म्हणजे गुरुत्वत्वरण, ते ९.८ च्या आसपास यायला पाहिजे. सगळ्यांचं उत्तर झकास. ९.७८, ९.८०, ९.८१, एकाचं तर ९.८०६६५. दोरी-गोळ्यावर पाच दशांश स्थळं! मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती, पण मी लाल पेननं बरोबरच्या खुणा करत सुटलेलो.

मग एक जर्नल आलं. जी बरोबर ३९.१६.

ब बॅचची मुलगी, गाव कॉलेजपासून पंचवीसेक किलोमीटर, आई-वडील उसाच्या टोळीवर जाणारे. मी तिला बोलावलं आणि म्हणलं, काय गं हे, नऊ पॉइंट आठ माहीत नाही का, सातवी-आठवीपासून वाचताय. ती म्हणली, "माहितीये सर. पण माझं ३९ आलं." मी म्हणलं पुन्हा कर. तिनं पुन्हा केलं. अर्ध्या तासानं परत आली, "सर, पुन्हा तेच आलं की ओ." मागून कुणीतरी हळूच म्हणलं, "९.८ लिही ना, काहून कटकट करायलीस." ती म्हणली, "आलंच नाही तर कसं लिहू?"

मी तिचं गणित तपासलं. दोरीची लांबी ५० सेंटीमीटर, मीटरमध्ये ०.५०, बरोबर केलेलं. वीस आंदोलनांना १४.२ सेकंद. टी ०.७१. वर्ग ०.५०४. वरती १९.७४. भागलं, ३९.१६. एक आकडा चुकलेला नाही. मी स्वतः दोन मिनिटं कागदाकडं बघत बसलो, आणि हे कबूल करायला लाज वाटते पण मला चूक सापडली नाही.

सापडली ती लॅबच्या मामांना. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, माझ्या वयाइतकी त्यांची नोकरी. ते कपाट पुसत पुसत म्हणले, "सर, ती टोकाला गेला की एक मोजायलीय. जाऊन-येऊन एक मोजायला पाहिजे. निम्मी लेकरं असंच मोजतात, दरवर्षी." मग पोरीकडं वळून, "पंचमीला झोका खेळतीस ना? झोका गेला आणि परत हातात आला की एक. निसता गेला की एक नसतो."

म्हणजे तिनं दहाच आंदोलनं मोजली होती, वीस समजून. काळ निम्मा झाला. सूत्रात टी चा वर्ग खाली आहे, म्हणून जी चौपट. ९.८ गुणिले ४ म्हणजे ३९.२. तिचं ३९.१६. तिच्या हाताचं माप वर्गात सगळ्यात चांगलं होतं बहुतेक.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला तो वेगळाच. मामा म्हणतात निम्मी लेकरं असंच मोजतात. मग बाकीच्यांचं ९.८ कुठून आलं?

दुसऱ्या दिवशी अ बॅचच्या दहाजणांना एकेक करून माझ्यासमोर मोजायला लावलं, न सांगता. सहाजण टोकाला गेला की एक मोजत होते. त्यात लातूरहून आलेला, चाचणीत वीसपैकी एकोणीस पाडलेला आमचा टॉपर पण. त्याला लंबकाचं सूत्र उलटंसुलटं पाठ, लिफ्ट वर जाताना काळ काय होईल, चंद्रावर काय होईल, सगळं तोंडावर. फक्त खरा लंबक त्यानं आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता. जर्नलला त्याचं ९.८१. आकडे मागून आणलेले, उत्तर आधी लिहून रीडिंग नंतर बनवलेली.

म्हणजे आमची चाचणी काय मोजत होती? पर्याय ओळखता येतात का. आणि आम्ही त्यावरून ठरवलं की कुणाचा पाया कच्चा आहे. जिला स्वतःच्या मापावर भरवसा होता ती ढ बॅचमध्ये आणि ज्याला नव्हता तो टॉपर.

पर्याय काय काय होते

मी चिडलो होतो आणि पहिला विचार होता की सगळी जर्नलं फाडायची, पुन्हा लिहायला लावायची. केमिस्ट्रीच्या मॅडमनी थांबवलं. म्हणल्या, "सर, बारावीला त्यांनी हेच केलं आणि त्याचेच त्यांना पूर्ण मार्क मिळाले, त्यांना काय माहीत हे चूक असतंय म्हणून." आणि त्यांनी त्यांच्या लॅबची गोष्ट सांगितली. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं एन बाय टेन, म्हणजे ठराविक तीव्रतेचं, द्रावण, २५० मिली करायला किती ग्रॅम लागेल असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात, १.५७५. एकदम बरोबर. मग मॅडमनी विचारलं, १०० मिलीच करायचंय, किती घेऊ? वर्ग शांत. एकजण म्हणला, मॅडम फ्लास्क २५० चाच असतो ना.

मग आम्ही तिघं, मी, मॅडम आणि विभागप्रमुख, बसलो आणि काय करता येईल ते बघितलं.

एक, ब्रिज कोर्स पुन्हा घ्यायचा, आता सगळे आलेत तर. विभागप्रमुखांना हेच पाहिजे होतं कारण कागदावर दिसतं. पण वेळ कुठला काढणार, आणि पुन्हा तीच यादी वाचायची तर पुन्हा तेच होणार.

दोन, क्रेडिटच्या आतच गणिताचा एखादा छोटा पेपर बसवायचा. मला हे आवडलं होतं. पण ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या फॅकल्टीबाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणजे सायन्सच्या पोराला तिथं गणित देता येत नाही, तो कॉमर्स नाहीतर आर्ट्सकडचं काहीतरी घेणार. स्किलच्या पेपरचा अभ्यासक्रम विद्यापीठाकडून ठरून आलेला. तो रस्ता बंद.

तीन, व्हिडिओच्या लिंका ग्रुपवर टाकायच्या. हे सगळ्यात सोपं म्हणून सगळ्यात आधी सुचतं. एक आठवडा करून पण बघितलं. निळ्या टिका आल्या, बाकी काही नाही.

चार, प्रॅक्टिकलच्याच वेळेतला पहिला अर्धा तास काढायचा आणि त्या दिवशीच्या प्रयोगाला जे लागतं तेवढंच शिकवायचं, जास्त नाही. फायदा हा की प्रॅक्टिकलला पोरं येतात, प्रॅक्टिकलच्या बॅच वीस-वीसच्या असतात, बसची वेळ चुकत नाही, आणि माझे जादा तास पण लागत नाहीत, ज्यांचे पैसे मिळणार नव्हतेच. तोटा हा की सेमचे दोन प्रयोग कमी होणार. विभागप्रमुख इथं अडले. बाहेरचे परीक्षक जर्नल बघतात, प्रयोगांची संख्या मोजतात, कमी दिसले तर बोलणी कुणी खायची.

यावर दोन दिवस गेले. शेवटी तोडगा असा निघाला की दोन छोटे प्रयोग एकाच दिवशी जोडून घ्यायचे, म्हणजे संख्या बऱ्यापैकी भरेल. पूर्ण भरली नाही, एक कमीच राहिला, ते पुढं सांगतो.

काय केलं

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून सुरू. अ-ब बॅच बंद. प्रॅक्टिकलच्या बॅच रोल नंबरप्रमाणं, जशा आधीपासून होत्या तशाच. कुणाला काही जाहीर केलं नाही, नुसतं ते चार ते पाचचं टाइमटेबल नोटीस बोर्डावरून काढून टाकलं.

आमच्या लॅबच्या टेबलांचा वरचा भाग काळा आहे. पोरांना खडू दिले आणि म्हणलं टेबलावरच लिहा. कागदावर लिहायचं म्हणलं की ही लेकरं आधी समास आखतात, तारीख टाकतात, शेजाऱ्याचं बघतात. टेबलावर लिहिलेलं पुसता येतं म्हणून भीती नाही. मामा वैतागले, रोज टेबल पुसावे लागायले, पण आठवड्याभरात तेच पोरांच्या चुका वाचत उभे राहायला लागले.

पहिला अर्धा तास पुन्हा लंबकाचाच घेतला, आणि त्या पोरीचं ३९ फळ्यावर लिहिलं. नाव न घेता. प्रश्न एवढाच, हे उत्तर आलं तर मोजताना काय झालं असेल. ब्रिज कोर्समध्ये मी प्रमाण, वर्ग, समप्रमाण-व्यस्तप्रमाण यावर दीड तास बोललो होतो आणि कुणी मान वर केली नव्हती. इथं पंधरा मिनिटांत तीन टेबलांवर कुणीतरी लिहिलं, टी निम्मा केला की जी चौपट होतो. मग दोरी २५, ५०, ७५, १०० सेंटीमीटर करत गेलो. एल विरुद्ध टी चा ग्राफ वाकडा येतो, एल विरुद्ध टी स्क्वेअरचा सरळ येतो, हे त्यांनी स्वतः काढून बघितलं, आणि स्लोप म्हणजे काय हे तेव्हा बोलता आलं, एका मीटरला टी स्क्वेअर चारच्या जरासा वर चढतो, तो चढ म्हणजे स्लोप. एकानं विचारलं, सर, मोबाइलच्या स्टॉपवॉचमध्ये सेकंदाचा शंभरावा भाग दिसतोय मग तो लिहू का? मी त्याला एकच बटण दाबून लगेच बंद करायला लावलं, दहा वेळा. दरवेळी वेगळा आकडा. हाताला पाव सेकंद इकडंतिकडं लागतोच, मग त्या शंभराव्या भागाला काय अर्थ, आणि म्हणूनच एकाऐवजी वीस आंदोलनं मोजायची, म्हणजे ती चूक वीसजणांत वाटली जाते. सिग्निफिकंट फिगर, म्हणजे मापातले किती अंक खरे धरायचे, हा शब्द मी त्याच्यानंतर उच्चारला.

केमिस्ट्रीच्या मॅडमनी त्यांच्याकडं सोयाबीन आणलं. खरंच. वाटीभर. त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, बाजारात त्याच्या खालीच चाललेलं, त्यामुळं आकडा सगळ्यांच्या डोक्यात ठसलेला. मॅडम म्हणल्या, ३७ किलोचे किती? दोन-तीन पोरांनी कॅल्क्युलेटर न काढता अठराशेच्या वर सांगितलं, मग खडूनं १,८१०. हे कसं केलं म्हणल्यावर, त्रैराशिक. मग २५० मिलीला १.५७५ तर १०० मिलीला? त्याच खडूनं, ०.६३. तीच पोरं, तोच दिवस. आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की केंद्रावर माल परत करतात, हे ज्याच्या बापानं भोगलंय त्याला टक्केवारीतलं द्रावण समजवायला वेळ लागत नाही, शंभर किलोत बारा किलो पाणी, बस्स.

इथं एक सांगतो, हे सोयाबीनचं उदाहरण म्हणजे काही जादू नाही. नांदेडला शिक्षकाच्या घरी वाढलेल्या एका पोराला क्विंटल म्हणजे किती किलो हेच माहीत नव्हतं, त्याला शेजारच्यानं सांगितलं. माझ्या मते मुद्दा उदाहरण गावाकडचं असण्याचा नव्हता, जे गणित येतं तेच हे आहे असं एकदा दिसण्याचा होता.

जर्नलचा नियम बदलला आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. नियम असा की रीडिंग पेननं, खोडायचं नाही, उत्तर जे आलं ते लिहायचं, चुकीचं आलं तर का आलं असेल ते दोन ओळी लिहायच्या, आणि अंतर्गत मूल्यमापनातले प्रॅक्टिकलचे मार्क त्या दोन ओळींना. विभागप्रमुख म्हणले, बाहेरच्या परीक्षकानं जर्नल उघडलं आणि जी ३९ दिसलं तर तो आपल्याला हसेल. त्यांचंही चूक नव्हतं, तसे परीक्षक मी बघितलेत. शेवटी जर्नलचं डावं कोरं पान कामाला आलं. पहिलं आलेलं उत्तर आणि काय चुकलं ते डाव्या पानावर, दुरुस्त करून केलेलं उजव्या रेघांच्या पानावर. परीक्षक उजवं पान बघतात.

भाषेचं वेगळं काही केलं नाही. वर्गात बोलायचं मराठीतच, लिहायचे शब्द इंग्रजी, आणि प्रत्येक नव्या शब्दाला टेबलावर त्यांच्याच शब्दात एक ओळ. ऑसिलेशनला एका पोरीनं लिहिलं, "जाऊन येऊन परत तिथंच".

काय झालं

दसरा १२ ऑक्टोबरला, मग सोयाबीनची काढणी, हजेरी पुन्हा निम्म्यावर. दिवाळीनंतर विधानसभेची धामधूम, २० नोव्हेंबरला मतदान, त्या ड्युट्यांमध्ये कायम नेमणुकीचे सर गुंतलेले. तरी प्रॅक्टिकलचा अर्धा तास टिकला, कारण प्रॅक्टिकल जेव्हा होईल तेव्हा तो होतो, त्याला वेगळी तारीख लागत नाही. माझ्या दृष्टीनं हा त्या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण, बाकीचे नंतर.

प्रॅक्टिकल परीक्षेत फरक दिसला. पोरं उपकरणाला हात लावायला घाबरली नाहीत, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एकाला विचारलं की तुझं उत्तर ९.६ का आलं, तर तो म्हणला, दोरी गोळ्याच्या वरपर्यंतच मोजली सर, मध्यापर्यंत मोजायला पाहिजे होती. परीक्षक माझ्याकडं बघून हसले, पण वेगळं हसले. एक प्रयोग कमी असल्याचं त्यांच्या लक्षात आलंच, त्यावर विभागप्रमुखांना ऐकून घ्यावं लागलं, आणि ते त्यांनी मला सव्याज ऐकवलं.

थिअरीच्या निकालात मात्र मला सांगण्यासारखा फरक दिसला नाही. पेपर पाठांतरावर सुटतो आणि पोरं पाठ करतात. पीसीबीवाल्यांचं डिफरन्सिएशन होतं तिथंच आहे, अर्ध्या तासाच्या खडूनं ते होत नाही, त्याला गणिताचा नीट कोर्सच पाहिजे आणि तो बसवायला आमच्याकडं अजून जागा नाही.

ब बॅचमधल्या दोन मुली सप्टेंबरनंतर परत आल्याच नाहीत. एकीच्या घरी फोन केला तर भाऊ म्हणला आता ती नाही यायची. ढ बॅच म्हणल्यामुळं आल्या नाहीत की बसमुळं की घरच्या दुसऱ्या कशामुळं, मला माहीत नाही. पण त्या मला चार ते पाचच्या तासाला शेवटच्या दिसल्या होत्या, दाराकडं बघत.

३९ वाली पोरगी टिकली. दिवाळीनंतर आई-वडील टोळीबरोबर गेले, धाकट्या भावाला सांभाळत ती यायची, आठवड्यातून चारच दिवस, पण प्रॅक्टिकल चुकवलं नाही.

पुन्हा करायचं तर

२०२५ ला आम्ही ऑगस्टचा ब्रिज कोर्स घेतला नाही. दीक्षारंभ दोन दिवसांचा ठेवला, त्यात लायब्ररी, एबीसी आयडी म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर, शिष्यवृत्तीचे फॉर्म, बसचा पास, एवढंच. पहिल्या पंधरा दिवसांत शिकवायचंच नाही असं नाही, पण जे तेव्हा वर्गात नाहीत त्यांना परत सांगावं लागणार हे धरून चालायचं.

चाचणी घेतो, पण मोबाइलवर नाही आणि बॅच पाडायला नाही. प्रत्येकाच्या हातात दोरी, पट्टी आणि मोजपात्र देतो आणि बघत बसतो. वीसजणांना दोन तास लागतात. मामा माझ्यापेक्षा जास्त ओळखतात, म्हणून त्यांना पण खुर्ची टाकून बसवतो. २०२४ ला त्यांना मीटिंगला बोलवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

आणि त्या पोरीला पहिल्यांदा मी जे म्हणलो, नऊ पॉइंट आठ माहीत नाही का, ते म्हणायला नको होतं. तिनं माझं ऐकून ९.८ लिहिलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं, आणि वर्गातल्या बाकीच्यांना ते वाक्य बहुतेक ज्युनियर कॉलेजातच कुणीतरी म्हणलेलं असणार.

सप्टेंबर २०२५ ला मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात आमचं टाइमटेबल पुन्हा वाहून गेलं, पण लॅब उघडली तसा अर्धा तास पण सुरू झाला. पहिल्याच बॅचला ३९ च्या आसपासवाले चार निघाले, मामांनी मोजून सांगितले. एकाचं मात्र नवीनच आलं, २.४५. दोरी ५० सेंटीमीटरच, वेळ २८.४ सेकंद, म्हणजे मोजलंय तर बरोबर. त्याला म्हणलं डाव्या पानावर लिही का आलं ते. तो टेबलावर खडू घेऊन बसलाय, दोनदा पुसून झालंय, मामा त्याच्या मागं उभे आहेत आणि काही बोलायले नाहीत.